काटा थांबल्यावर : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुसरे वर्ष

(एक चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

अर्धी वाटी

माझी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची, शस्त्रक्रिया होऊन १४ महिने झाले. शस्त्रक्रियेच्या दिवशी माझे वजन ११८ किलो होते. पहिल्या सहा महिन्यांत ते भराभर उतरले, पुढे वेग मंदावला आणि गेले चार महिने काटा ८० च्या आसपास अडून बसला आहे. मागच्या महिन्यात एकदा ७९.५ दिसले होते, आज सकाळी ८१ दिसले. दीड किलो म्हणजे फार नाही, हे मला कळते. तरीही तो आकडा पाहून पोटात जसा गोळा आला, तसा वजन ११८ असतानाही कधी आला नव्हता.

पहिल्या वर्षी कोणत्या आठवड्यात काय खायचे हे ठरलेले होते. आधी पातळ, मग वाटून बारीक केलेले, मग मऊ आणि शेवटी नेहमीचे अन्न. घरचे रोज विचारपूस करत, आहारतज्ज्ञांचा फोन येई आणि दर दोन महिन्यांनी कपडे सैल होत. आता सगळ्यांच्या दृष्टीने माझे काम झालेले आहे. प्रत्यक्षात मात्र भूक हळूहळू परत येऊ लागली आहे आणि दुपारी चार ते सात या वेळात माझा हात सारखा डब्याकडे जातो. उकडलेले अंडे अर्धे खाल्ले तरी छातीच्या हाडाखाली दाब येतो आणि पुढचा घास नको होतो, पण कुरकुरीत बिस्किटे एकामागून एक जातात आणि पोटाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

एक गोष्ट घरीही सांगितलेली नाही. बाराव्या महिन्याची तपासणी मी टाळली. वेळ मिळाला नाही असे मी म्हणाले, पण खरे कारण असे की काट्यावर उभे राहून डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहण्याची माझी तयारी नव्हती. तुमच्यापैकी कुणाचा काटा असा थांबला होता का, आणि तेव्हा तुम्ही रोजच्या दिवसात नेमके काय बदललेत, हे मला समजून घ्यायचे आहे.

पायवाट

ताई, आधी तपासणीची वेळ घ्या, बाकी सगळे नंतर. हे मी एवढ्या निक्षून का सांगते आहे, ते माझ्या अनुभवावरून तुमच्या लक्षात येईल.

माझी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची, शस्त्रक्रिया ७ वर्षांपूर्वी झाली. तिसऱ्या वर्षी माझे वजन सहा किलोने वाढले आणि तुमच्यासारख्याच संकोचापायी मी तपासणीला जाणे बंद केले. पाठोपाठ गोळ्याही सुटल्या. आधी लोहाची सुटली, कारण तिने पोट साफ होत नसे, मग कॅल्शियमची, आणि शेवटी बी-१२ ची. फसगत होते ती अशी, की गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. बी-१२ चा शरीरातला साठा संपायला तर काही वर्षेही लागू शकतात. दीडेक वर्षाने मला बर्फ चघळण्याची विलक्षण ओढ लागली. फ्रीजमधला बर्फाचा साचा मी दिवसातून तीन वेळा रिकामा करत असे आणि रात्री झोपेतून उठूनही बर्फ खात असे. उन्हाळा आहे म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घातली. जिना चढताना धाप लागायची, तळपायांना मुंग्या यायच्या, त्याचे खापर मी वयावर फोडले. अखेर रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ निघाले. बर्फाची ती ओढ म्हणजे लोहाच्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण आहे, हे मला त्या दिवशी कळले. लोह शिरेतून द्यावे लागले, बी-१२ ची इंजेक्शने घ्यावी लागली. बर्फाची ओढ आठवड्याभरात गेली, पण पायांच्या मुंग्या अजून पूर्णपणे गेलेल्या नाहीत.

ज्यांच्या चेहऱ्याची मला धास्ती वाटत होती, त्या डॉक्टरांनी वाढलेल्या वजनाबद्दल एक वाक्यसुद्धा उच्चारले नाही. ते एवढेच म्हणाले, की तुम्ही वाढलेल्या वजनासह आला असतात तर या मुंग्या टाळता आल्या असत्या.

बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम मुख्यतः जिथे शोषले जातात तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो, म्हणून या गोळ्या जन्मभराच्या असतात. स्लीव्हमध्ये आतड्याला हात लावत नाहीत, पण जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढलेला असल्याने आम्ल कमी होते, बी-१२ शोषून घेण्यासाठी लागणारा घटक कमी बनतो आणि खाणेही कमी झालेले असते. त्यामुळे 'मी तर स्लीव्हवाली' असे म्हणून सुटका नाही.

आता काट्याबद्दल. या शस्त्रक्रियांनंतर वजन साधारणपणे पहिल्या एक ते दोन वर्षांत तळाला पोहोचते आणि तिथून थोडेफार वर येणे हा बहुतेकांचा अनुभव आहे. तुमची उंची सांगाल का?

अर्धी वाटी

१६० सेंटिमीटर. तुमचा बर्फाचा अनुभव वाचून मी उठले आणि लोहाची बाटली पाहिली. ती गेल्या महिन्यात संपायला हवी होती, पण अजून अर्धी भरलेली आहे.

पायवाट

१६० सेंटिमीटर उंचीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २५ धरला तर ६४ किलो. त्या हिशेबाने तुमचे जादा वजन ५४ किलो होते आणि त्यातले ३७ किलो, म्हणजे सुमारे ६८ टक्के, आजही गेलेले आहे. जादा वजनापैकी निम्मे गेले तरी शस्त्रक्रिया यशस्वी मानण्याची डॉक्टरांची जुनी रीत आहे. तुम्ही ज्याला अपयश म्हणून तपासणीपासून लपवता आहात, ते त्यांच्या वहीत चांगला निकाल म्हणून नोंदले जाईल.

संथ पाऊल

इथे दुसऱ्या वर्षाची चर्चा चालली आहे, त्यात मध्येच बोलतो त्याबद्दल क्षमा असावी. माझी बायपास होऊन पाचच आठवडे झाले आहेत. तिसऱ्या आठवड्यात माझा काटा दहा दिवस हलला नाही, तेव्हा मी फार घाबरलो होतो; आता तो पुन्हा उतरतो आहे. पाणी मात्र मला अजिबात जात नाही. दिवसभरात जेमतेम ४०० मिलिलिटर होते. गेले आठ दिवस रोज दोन-तीन वेळा उलटीही होते, आधी मऊ पदार्थांनी होत होती, आता पातळ पदार्थांनीही होते. या टप्प्यावर एवढे चालायचेच, असे मी धरून चाललो आहे. केस गळणे कधी सुरू होते आणि ते परत येतात का, हेही कुणी सांगावे.

निळी खिडकी

संथ पाऊल, केसांचे नंतर बोलू. मी या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या वॉर्डात ११ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, आणि तुम्हाला कळकळीने सांगते, की तुम्ही लिहिले आहे ते 'चालायचेच' या सदरात बसत नाही. कृपया आजच, उद्याची वाट न पाहता, तुमच्या सर्जनच्या विभागाला फोन करा, आणि फोन लागला नाही तर थेट तातडीच्या विभागात जा.

घाईने खाल्ले, घास मोठा होता, म्हणून एखादी उलटी होणे वेगळे. पाचव्या आठवड्यात आधी मऊ आणि मग पातळ पदार्थही परत येऊ लागतात, तेव्हा जठराच्या पिशवीचा आतड्याशी जिथे जोड दिला आहे ती जागा आकसलेली असू शकते. हे ओळखीचे आहे आणि बहुतेक वेळा तोंडातून दुर्बीण घालून फुग्याने ती जागा रुंद करता येते. त्याहून मोठी काळजी थायमिनची, म्हणजे बी-१ ची आहे. त्याचा शरीरातला साठा थोड्याच आठवड्यांचा असतो आणि सततच्या उलट्यांत तो झपाट्याने संपतो. तो संपला की नजर दुहेरी होते, तोल जातो, बोलण्यात गोंधळ दिसतो, आणि उशीर झाला तर मेंदूची ती हानी कायमची राहू शकते. थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर स्थिती आणखी बिघडू शकते. म्हणून समोरचे डॉक्टर नवे असतील तर दोन वाक्ये आधी सांगा : माझी पाच आठवड्यांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास झाली आहे, आणि आठ दिवस मला रोज उलट्या होत आहेत.

इतर वाचकांसाठीही लिहून ठेवते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढत जाणारी पोटदुखी, विश्रांतीतही धडधडणारी नाडी, डाव्या खांद्यात दुखणे, यांपैकी काहीही आढळले तर थांबू नये. बायपास झालेल्यांनी तर कितीही वर्षांनी पोटात अचानक तीव्र कळा येऊ लागल्या तर ती 'गॅसची तक्रार' समजू नये. वजन उतरल्यावर आतील जागा मोकळी होते आणि आतड्याचा वेटोळा तिच्यात अडकू शकतो.

सोबत

माझ्या पतींची बायपास होऊन दोन वर्षे झाली. शस्त्रक्रिया त्यांची झाली, पण आमच्या घरातले जेवणाचे टेबल दोघांचेही बदलले, आणि त्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही म्हणून लिहिते आहे.

सुरुवातीला मी दहा मिनिटांत जेवून उठत असे आणि ते अर्धा तास एका लहान ताटलीसमोर बसलेले असत. मी उठले की त्यांचा वेग वाढे, कारण एकट्याने बसून राहणे त्यांना अवघड जाई. दोन घास घाईने गेले की आधी शिंक येई, मग नाक वाहू लागे, आणि पाठोपाठ तोंडात फेसाळ लाळ जमून ते मोरीकडे धावत. या शिंकेचा अर्थ कळायला मला तीन महिने लागले. पोट भरल्याची खूण त्यांच्या शरीराने नाकातून द्यायला सुरुवात केली होती! मग मी ते संपेपर्यंत टेबलावरून न उठण्याचे ठरवले. 'एवढेच?', 'अजून एक घास घ्या', 'पूर्वी तुम्हाला हे किती आवडायचे', ही तीन वाक्ये मी बोलण्यातून काढून टाकली. त्यांना शिंक आली की मी काही न बोलता त्यांची ताटली झाकून ठेवते.

एक प्रसंग सांगायला हवा. आठव्या महिन्यात एका समारंभात त्यांनी गोड पेयाचा पेला घेतला. तेव्हा काहीच झाले नाही. दोन तासांनी घरी परतताना गाडी चालवता चालवता त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि माझ्या प्रश्नांना ते असंबद्ध उत्तरे देऊ लागले. गाडी कशीबशी बाजूला घेतली. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत पोटात मुरडा, धडधड, जुलाब होतात ते डम्पिंग आम्हाला ठाऊक होते. पण एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाते, असा उशिराचा प्रकारही असतो, हे माहीत नव्हते. त्या वेळी पटकन साखर द्यावीच लागते, पण सारखी साखर देत राहणे हा त्यावरचा इलाज नव्हे. आहारतज्ज्ञांनी गोड पेये पूर्ण बंद केली आणि प्रत्येक खाण्यात आधी प्रथिने, मग भाज्या, मग बाकीचे, हा क्रम बांधून दिला. त्यानंतर तसा प्रसंग पुन्हा आला नाही.

आणि अर्धी वाटी ताई, तपासणी टाळल्याचे घरी सांगा. तुमचे घरचे रागावतील या भीतीपेक्षा, त्यांना माहीतच नसल्यामुळे ते विचारत नाहीत ही शक्यता अधिक आहे.

कोरा कागद

मी पुरुष, वय ४६, बायपासला तीन वर्षे झाली. चार ते सात या वेळेबद्दल ताईंनी लिहिले आहे, ते माझ्याही आयुष्यात होते, फक्त त्या वेळेत माझा हात डब्याकडे न जाता दारूच्या पेल्याकडे गेला. पूर्वी कामावरून आलो की मी खात असे. थकवा, राग, कंटाळा, सगळ्यांवर तोच उतारा होता. शस्त्रक्रियेने तो उतारा बंद झाला आणि ज्यासाठी तो लागत होता ते मात्र जागेवरच राहिले. दुसऱ्या वर्षी मी संध्याकाळी एक पेला घेऊ लागलो. बायपासनंतर दारू फार लवकर आणि जास्त प्रमाणात रक्तात चढते, एका पेल्यात पूर्वीच्या दोन-तीन पेल्यांचा परिणाम होतो. सहा महिन्यांत माझी ती रोजची गरज झाली. या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः दुसऱ्या वर्षापासून, दारूचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो हे मला आधी सांगितले गेले होते, पण जो माणूस कधीच फारसा पीत नव्हता त्याला ते आपल्याविषयी वाटत नाही. आता १३ महिने माझी दारू पूर्णपणे बंद आहे आणि मी समुपदेशकाकडे जातो.

म्हणून माझी विनंती अशी, की त्या तीन तासांत तुम्ही काय खाता याबरोबरच त्या वेळी तुम्हाला काय होत असते, हेही तुम्ही लिहून ठेवा. बिस्किटांची मोजदाद मीही केली होती. वहीत 'आज साहेबांशी वाद झाला' अशा नोंदी करू लागलो, तेव्हा मला माझी खरी वेळ दिसली.

पायवाट

कोरा कागद, हे लिहायला धैर्य लागते. तुमचे मनापासून आभार.

अर्धी वाटी ताई, बिस्किटांनी दाब का येत नाही, त्याचे कारण सरळ आहे. घट्ट, प्रथिनांचे अन्न पिशवीत थांबते म्हणून दाब जाणवतो. कोरडे, पिठाचे पदार्थ लाळेत विरघळून खाली सरकतात. घोटभर चहा सोबत असेल तर आणखीच लवकर सरकतात. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी न पिण्याचा नियम याचसाठी आहे, आणि दुसऱ्या वर्षी सर्वांत आधी तोच सुटतो. माझा सुटला होता. मी चार वाजता भूक लागण्याची वाट पाहणे सोडले आणि साडेतीनला बसून, ताटलीत वाढून, प्रथिनांचे छोटे खाणे सुरू केले. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने व्हायची असतील तर तेवढे खाणे लागतेच. उभ्याने, डब्यातून काही खायचे नाही, एवढे एकच बंधन मी स्वतःला घातले.

गोळ्यांचे माझे वेळापत्रक असे आहे : सकाळी मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियम, दुपारी कॅल्शियम, रात्री झोपताना लोह. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे आणि लोहासोबत चहा-कॉफी नको. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच्या वर नीट शोषले जात नाही, आणि सायट्रेट प्रकारचे घेतले तर त्याला जठरातल्या आम्लाची गरज लागत नाही. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मी घेत नाही, कारण बायपासच्या जोडापाशी त्यांनी व्रण होऊ शकतो. दातांच्या डॉक्टरांनाही हे आठवणीने सांगावे लागते.

निळी खिडकी

त्यात एक भर घालते. पूर्वीपासून रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर वजन उतरते तशी त्यांची मात्रा पुन्हा ठरवून घ्या. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे हे कित्येकदा जुन्याच मात्रेमुळे असते. ज्या स्त्रियांना मूल हवे आहे त्यांना साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, शिवाय बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून हे बोलणे शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवे.

अर्धी वाटी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मी घरी सांगितले आणि तपासणीला गेले. काट्यावर उभी राहिले तेव्हा डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "झोप कशी लागते?" झोप नीट लागत नव्हती, हे तोपर्यंत मी स्वतःलाही सांगितले नव्हते. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघाले आहे, ड जीवनसत्त्व १४ आहे, ते ३० च्या वर हवे असते. बी-१२ काठावर आहे. औषधे वाढवली आहेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचे आहे.

कोरा कागद, मी वही केली. चार ते सात या वेळेत मी एकटी असते, आणि गेली कित्येक वर्षे त्या वेळी माझी आई मला फोन करत असे. ती जाऊन दीड वर्ष झाले. तिच्या जाण्याला आणि शस्त्रक्रियेला चारच महिन्यांचे अंतर होते, पण दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. बिस्किटे बंद झाली आहेत असे मी म्हणणार नाही. काल साडेतीनला मी ताटली घेऊन बसले, अंड्याचे आठ तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा संपेपर्यंत चमचा खाली ठेवला. सगळे अंडे संपायला २५ मिनिटे लागली आणि दाब आला नाही. नंतर मी बहिणीला फोन केला.

पायवाट ताई, पुढच्या महिन्यापासून माझी कामाची पाळी रात्रीची आहे. झोप दिवसा, जेवण पहाटे, तेव्हा लोह आणि कॅल्शियम यांचे अंतर तुम्ही कसे बसवाल?

पायवाट

घड्याळाकडे न पाहता झोपेवरून मोजा. झोपायला जाताना लोह, उठल्यावर दोन तास गेले की पहिले कॅल्शियम, कामावर मधल्या खाण्यासोबत दुसरे. मी दोन वर्षे रात्रपाळी केली तेव्हा असेच बसवले होते. लोहाची डबी उशाशी आणि कॅल्शियमची कामाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे दोन्ही एकदम तोंडात जाणार नाहीत.

संथ पाऊल

निळी खिडकी यांना सांगायचे होते. त्याच रात्री मी गेलो. जोड आकसलेलाच होता, आतून रुंद केला, आणि त्याआधी थायमिन शिरेतून दिले. तुम्ही सांगितलेली दोन वाक्ये मी कागदावर लिहून नेली होती, कारण बोलताना माझी जीभ जड होत होती. गेले १६ दिवस एकही उलटी नाही. केसांचे अजून कुणी सांगितलेले नाही.

निळी खिडकी

बरे वाटले वाचून. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळू लागतात, मूठभर निघतात, आणि साधारण सहा महिन्यांत गळणे थांबून नवे येतात. प्रथिने आणि लोह सोडू नका. आज पाणी किती झाले?

संथ पाऊल

तीस-तीस मिलिलिटरच्या छोट्या पेल्याने मोजतो आहे. आत्तापर्यंत ३४ पेले झाले आहेत, म्हणजे १,०२० मिलिलिटर, आणि झोपायला अजून तीन तास आहेत.